आरेतल्या पाड्यावरचं जेवण : भाकरीला दहापैकी दहा, संडासाला शून्य

गोरेगाव पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. दिवसभर दुसऱ्यांना जेवू घालणारी बाई बाहेर जेवायला गेली की आधी डोळ्यांनी जेवते. भाकरीची कड चिरलीय का, फोडणीला तेल किती, वाढणारीनं हात कशाला पुसला, खरकटं कुठं ठेवलं, सगळं दिसतं. त्यामुळे खालचं कौतुक फुकटचं नाही आणि तक्रारीही उगाच केलेल्या नाहीत.

ठिकाण म्हणजे गोरेगावच्या आरे दूध वसाहतीतला एक वारली पाडा, म्हणजे आदिवासी वस्ती. तिथं एक सासू आणि तिच्या दोन सुना शनिवार-रविवारी दुपारचं जेवण देतात. अंगणात चटया, वर निळी ताडपत्री, बाजूला चिंचेचं झाड. पाटी नाही, मेन्यूकार्ड नाही, कुठल्या ॲपवर फोटोही नाहीत. शाकाहारी ताट ३०० रुपये, कोंबडीचं ४००, पोरांना निम्मे. दहाच्या वर माणसं घेत नाहीत. पाड्याचं नाव मी लिहीत नाही. मावशींनीच सांगितलंय, "बाकी काय लिहायचं ते लिहा ताई, नाव नको." का नको, ते पुढे येईल.

मावशींची माझी ओळख भाजीमुळे. पावसाळ्यात त्या स्टेशनजवळ टोपली घेऊन बसतात आणि मी माझ्या केंद्रासाठी त्यांच्याकडून टाकळा, कंटोळी, अळू घेते. एकदा माझ्याकडची तांदळाची भाकरी त्यांना दिली. त्यांनी चावून बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, "चांगली आहे, पण उकडीची आहे ना? आमच्याकडची खायला या." धंद्यातल्या बाईला असं म्हटल्यावर ती जाणारच.

तर भाकरी. माझ्याकडे उकड काढावीच लागते, कारण गिऱ्हाईक ती डब्यात घालून अंधेरीला नेणार आणि दुपारी दोनला खाणार, तोवर ती मऊ राहायला हवी. इथं तसलं काही नाही. तांदूळ जाडा, तांबूस. पीठ गरम पाण्यात भिजवून थोरली सून तळहाताच्या बुडानं ते परातीत रगडत राहते, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. मग गोळा दोन तळव्यांत फिरवत वाढवायचा. परातीला टेकवायचाच नाही, पोळपाटाचा तर प्रश्नच नाही. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात. उलटली की बोटांच्या टोकांनी कड दाबत दाबत ती गोल फिरवते. शेवटी तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांना टेकून उभी करते. फुगते. कड अखंड. माझ्याकडे कामाला असलेल्या बायकांना इथं आणून बसवावं असं वाटलं, पण मग पगार वाढवून मागतील. दहापैकी दहा, पुढे बोलायचं काम नाही.

कोंबडी गावठी. भाजलेला कांदा, लसूण, सुकी मिरची, खोबरं बेताचं. रस्सा पातळ, वर हॉटेलातल्यासारखा लाल तवंग नाही. ब्रॉयलर खाणाऱ्यांना मांस चिवट लागेल. माझ्या भाच्यानं अर्धी तंगडी तशीच ठेवली आणि रस्साच ओरपला. उडदाची डाळ घट्ट, भाकरीबरोबर खायची. तिच्यात मीठ जास्त होतं. सांगितलं तर धाकटी सून म्हणाली, "आमच्याकडं असंच लागतं." ठीक आहे, त्यांचं घर, त्यांचं मीठ. पण पैसे घेताय तर पाहुण्यांसाठी हात आखडता घ्या, एवढं मी म्हणणार.

खरं जेवायला जायचं ते वास्त्यांच्या भाजीसाठी. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वरची टोपणं सोलून आतला पांढरा गाभा बारीक चिरायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, पाणी बदलायचं, मग उकडायचा, नाहीतर कडू आणि बाधकही. इथं त्यात भिजवलेले वाल घातले होते. जरा आंबूस, जरा कुरकुरीत. मुंबईतल्या चिनी हॉटेलांत डब्यातले बांबूचे तुकडे मिळतात, त्यांची आठवणही काढू नका.

"कुठले वास्ते?" मी विचारलं. "घरामागच्या बेटातले," मावशी म्हणाल्या आणि लगेच, "आमचंच बेट आहे हां, सासऱ्यांनी लावलेलं." आम्ही जेवायला आलेले, आम्हाला कशाला खुलासा? पण बांबूच्या बाबतीत आधी खुलासा द्यायची सवय अंगात भिनलेली असते. बांबू हे खरं तर गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं त्याला झाडांत धरलं, म्हणजे तोडायला परवानगी आणि न्यायला पास. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलली, तीही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरती. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो गोळा करणाऱ्यांची त्यावर मालकी मान्य झाली. पण कागदावरची मालकी आणि ट्रकात भरलेला बांबू यांत बरंच अंतर असतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याकडूनच घ्यायचा होता. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात गेले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावानं आपला बांबू आपण विकला. हक्काचा कागद तोच; पैसा गावात आला तो पासाचं पुस्तक आल्यावर.

त्याच मेंढा-लेखाची घोषणा सगळ्यांना माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. आता मावशींचा पाडाच मुंबईत. यांनी गावातलं सरकार कुठं मांडायचं? वनहक्काचा दावा आधी ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो, आणि महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नसते. नगरसेवकाच्या कार्यालयात गेलं तर तिथं नळाचं आणि गटाराचं काम. वर जमातीचा दाखला काढायचा तर १९५० च्या आधीचा पुरावा. मावशींच्या सासऱ्यांनी आयुष्यात कशावर सही केली असेल तर ती अंगठ्यानं, आणि तो कागदही दुसऱ्याकडे राहिला.

आम्ही गेलो तेव्हा फोडशी होती. काही जण तिला कुलू म्हणतात. बाजारातून आणली की जुडी सोडून एकेक पान हातात घ्यायचं, मधला जाड पांढरा दांडा खेचून काढायचा, नाहीतर दातांत येतो. हे काम इतकं किचकट आहे की माझ्या केंद्रात मी ती भाजी ठेवतच नाही. इथं धाकटीनं सकाळपासून बसून ती साफ केली होती. कांदा, हिरवी मिरची, थोडी चणाडाळ. झाली भाजी. फोडशीच्याच भाऊबंदांतली सफेद मुसळी, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. आपल्या बोरिवलीवरूनच ठेवलेलं. लोकल ट्रेनच्या पाटीवरचं नाव जगभरच्या वनस्पतींच्या यादीत आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

या फोडशीमागे मावशींच्या धाकट्या बहिणीची गोष्ट आहे. ती राहते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या एका पाड्यात. लग्न होऊन गेली तेव्हा दोघींना वाटायचं, हिचं बरं झालं, खरं जंगल हिच्या वाट्याला आलं. राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आतून पान उचलायचं नाही, फाटा उचलायचा नाही, शिंपला-खेकडा धरायचा नाही. वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे असं त्याच्या व्याख्येतच लिहिलंय. पण दावा मंजूर होऊन हातात येईपर्यंत रखवालदार विचारतो तो पहिल्या कायद्याचा प्रश्न. तेव्हा ही बहीण पावसाळ्यात काय करते? बोरिवली स्टेशनबाहेर पालघरकडून येणाऱ्या बायकांकडून फोडशी विकत घेते. जंगलात राहून जंगलातली भाजी बाजारातून, तीही वीस रुपयांना मूठभर. मावशी हे हसत हसत सांगतात. बहिणीला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पालेभाज्या, नाचणी खा म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, लहानपणी तेच खात होते, तेव्हा गरिबी म्हणायचे.

आता माझं मत. मी बंदीच्या विरोधात नाही. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव त्या जंगलाच्या कुशीत आहेत आणि त्यांचं पाणी शहराला येतं. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल या शहराच्या मधोमध शाबूत आहे ते कुणीतरी नाही म्हटलं म्हणूनच. बिल्डरला नाही म्हणायलाच पाहिजे. मला उद्या सुचलं की रोज वीस किलो फोडशी हवी, तर मलाही. केंद्रातल्या गिऱ्हाइकांना "रानभाजी स्पेशल" म्हणून खपवायला मला काय जातंय? डोंगर उघडा होईल, एवढंच. पण टोपलीभर भाजी आणि टेम्पोभर भाजी यांतला फरक मला दुकानात बसून कळतो. तो कायद्याला कळत नाही असं नाही. अमलात आणणाऱ्याला दोन्हींसाठी एकच दंडुका सोयीचा पडतो. १९९७ मध्ये उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, मग हजारो झोपड्या गेल्या, काहींना चांदिवलीत घरं मिळाली. त्या वेळी आधीपासूनचा वारली आणि काल आलेला भाडेकरू यांची यादी एकच होती, अशी तक्रार पाड्यांवर अजून ऐकायला मिळते. मावशींची बहीणही तेच म्हणते.

बरं, परत अंगणात. बसायला चटई. माझ्या नवऱ्याचे गुडघे दुखतात, त्याला दोन सिमेंटच्या विटांवर फळी टाकून दिली. एवढे पैसे मिळवता तर चार बाकडी का नाही करत, एक पक्का ओटा का नाही बांधत, हा माझा प्रश्न होता. थोरल्या सुनेनं मला घराची मागची भिंत दाखवली. खाली विटांचे तीन थर, त्यावर पत्रा. तीन थर झाल्यावर कुणीतरी येऊन काम थांबवलं होतं.

इथं जरा मागं जावं लागेल. आरेची दूध वसाहत १९४९ मधली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. तीन हजार एकरांच्या वर जमीन शासनाच्या दुग्धविकास खात्याकडे आली. तबेले आले, पॅरा गवत आलं, गोऱ्या साहेबी पद्धतीचे रस्ते आले. पाडे आधीपासून होतेच, पण नव्या नकाशात ते दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारे झाले. डेअरीची जमीन, म्हणजे जंगल नाही. जंगल नाही, म्हणजे वनहक्क मागायला जागा नाही.

मग आली मेट्रोची कारशेड. आरे जंगल आहे की नाही यावर कोर्टात भांडण झालं. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं झाडं वाचवणाऱ्यांच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं तोवर २,१४१ झाडं पडली होती. मी तेव्हा दुकान बंद करून आरेतल्या पिकनिक पॉइंटपर्यंत गेले होते, पुढे पोलिसांनी सोडलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करायचं जाहीर केलं. आमच्या सोसायटीत पेढे वाटले. पाड्यावर मात्र पेढा घशात अडकला. कारण राखीव वनाची पहिली पायरी म्हणजे १९२७ च्या कायद्याचं कलम ४. एकदा ती अधिसूचना निघाली की कलम ५ प्रमाणे त्या जागेवर नवा हक्क तयार होत नाही. आधीचे हक्क असतील ते जमाबंदी अधिकाऱ्यापुढे मुदतीत मांडायचे. ज्यांच्याकडे सत्तर वर्षांत कुणी कागदच दिला नाही त्यांनी काय मांडायचं?

जंगल नव्हतं तोवर हक्क नाही, जंगल झालं तेव्हा नवा हक्क नाही. मी हे मावशींना असं सरळ बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही मधे होतो ना, तेच चुकलं." पाडा त्या राखीव वनाच्या आत आहे की बाहेर यावर एका कचेरीत आत सांगितलं, दुसऱ्या कचेरीत बाहेर. म्हणून ओटा नाही, म्हणून पाटी नाही, म्हणून मी नाव लिहायचं नाही. पाटी लावली की कुणीतरी विचारणार, परवाना कुठंय? अन्नपदार्थांचा परवाना काढायचा तर जागेचा पुरावा. जागेचा पुरावा असता तर मावशी स्टेशनवर टोपली घेऊन उन्हात कशाला बसल्या असत्या? माझ्या दुकानाचा परवाना भाडेकराराच्या झेरॉक्सवर निघाला होता, एका फेरीत.

वीज आहे, पण मीटर लागून फार वर्षं झालेली नाहीत. फ्रिज नाही. कोंबडी सकाळी कापतात ती दुपारपर्यंत संपलीच पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी आकडा सांगितल्याशिवाय ऑर्डर घेत नाहीत आणि आयत्या वेळी आलेल्याला खुशाल परत पाठवतात. मला हे फ्रिजपेक्षा आवडलं. गॅस आहे, त्यावर चहा होतो. भाकरी चुलीवर. लाकूडफाटा वाळक्या फांद्यांचा, पावसात पडलेल्या. भिजलेलं लाकूड पेटवताना धूर होतो आणि ताडपत्रीखाली तो कोंडतो. दम्याच्या माणसानं लांब बसावं.

आता संडास. नाहीच. म्हणजे एक सार्वजनिक आहे, जरा लांब, उतारावर. दोन दरवाज्यांपैकी एकाला कडी नाही आणि पाणी आपण न्यायचं. माझ्याबरोबर साठीच्या पुढच्या दोघी होत्या, त्यांनी दिवसभर पाणीच पिलं नाही. हे शून्य मी सुनांना देत नाही. त्या रोज संध्याकाळी त्याच उतारावर जातात, हातात टॉर्च, बरोबर कुणीतरी, आणि मोठ्यानं गप्पा मारत. मोठ्यानं का, तर बिबट्यासाठी.

बिबट्या इथं रोजचा आहे. नॅशनल पार्क आणि आरे मिळून पन्नासच्या आसपास बिबटे असतील असं कॅमेऱ्यांच्या गणतीतून दिसलंय. पाड्याच्या वेशीवर वाघोबा आहे, शेंदूर लावलेला. वाघबारशीला त्याची पूजा होते. मी विचारलं, भीती नाही वाटत? मावशी म्हणाल्या, "त्याचं घर आहे, आमचं पण आहे. भीती कुत्र्यांची वाटते. कुत्रे आले की मागं तो येतो." हे त्यांनी कुठल्या शिबिरात शिकलेलं नाही, पण शास्त्रज्ञ तेच सांगतात : कचरा टाकला की कुत्री-डुकरं जमतात, आणि ती बिबट्याची शिकार. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाभोवती माणसांवरचे हल्ले एकदम वाढले होते. त्या काळात कुठेही बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दुसरीकडच्या जंगलात सोडून यायचं, हीच रीत. जुन्नर भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी अशा सोडलेल्या बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढतात. परक्या मुलखात आलेलं जनावर बिथरतं. २०११ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, उठसूट पकडून हलवू नका म्हणून. त्याच वर्षी वनखात्यानं संशोधकांना आणि मुंबईकरांना बरोबर घेऊन नॅशनल पार्कासाठी एक उपक्रम सुरू केला : कचरा उचला, दिवे लावा, पोरांना संध्याकाळी एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका.

ही मला चांगली वनव्यवस्था वाटते, कारण तिच्यात माणसाचं वागणं आणि जनावराचं वागणं दोन्ही धरलंय. पण यादीतलं "दिवे लावा" पाड्यावर कोण लावणार? तिथं खांब उभा करायलाही जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. उघड्यावर अंधारात बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही, उंचीनं जनावरच दिसतो, हे सगळे जाणकार सांगतात. मग संडास हा बिबट्याच्या बंदोबस्तातलाच खर्च धरायला हवा की नको? २०२२ च्या दिवाळीत आरेमध्येच एक तान्ही मुलगी बिबट्यानं नेली. त्यानंतर पिंजरे आले, गस्त आली, वर्तमानपत्रं आली. इथला उतार अजून तसाच अंधारा आहे. पिंजऱ्याला जमिनीची मालकी आड येत नाही, कडीला येते.

म्हणूनच जेवणाची वेळ बारा ते तीन आणि चारला चटया गुंडाळतात. "अजून जरा बसू द्या ना" म्हणणारे असतात. बसू नका.

एक तुलना करून टाकते, कारण लोक विचारतातच. कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये आम्ही "आदिवासी थाळी" खाल्ली होती, १,२०० रुपये अधिक कर. भिंतीवर वारली चित्रं छापलेला वॉलपेपर, वाढायला फेटेवाले तरुण, भाकरी गार आणि कोंबडीत क्रीम. संडास मात्र संगमरवरी. मालकाकडे जमिनीचा सातबारा, त्यामुळे कर्ज मिळालं, त्यामुळे संगमरवर. आमच्या मावशींना बँकेत बचत गटाचं खातं आहे, कर्जाला तारण काय देणार? भाकरी?

मुलं आणत असाल तर त्यांना आधीच सांगून ठेवा : घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी चुलीपुढं बसलेल्या सुनेचे फोटो काढायला सुरुवात केली, तिनं पदर ओढून तोंड फिरवलं. बाईंना कळेना काय झालं. मावशीच म्हणाल्या, "मागं झाडांच्या वेळी खूप काढून नेले." प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं परत आणा, तिथं कचरागाडी येत नाही आणि कचऱ्याचं पुढे काय होतं ते वर लिहिलंय. पाणी जास्तीचं न्या. रिक्षावाले बहुतेक मुख्य रस्त्यावरच सोडतात, पुढे दहा-बारा मिनिटं चालायचं, पावसात चिखल. हिलचे सँडल नकोत.

मार्कच हवे असतील तर : भाकरी दहा, वास्ते नऊ, फोडशी नऊ, कोंबडी सात, डाळ पाच, चहा सहा (साखर फार). वाढणं दहा, न मागता दुसरी भाकरी येते आणि "पुरे" म्हटल्यावर खरोखर थांबतात. बसायची सोय तीन. संडास शून्य, पण हा आकडा कुणाच्या खात्यावर टाकायचा ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. पैसे रोखीनं. मोबाइलवर घेतात, पण नेटवर्क लागलं तर.

शेवळं ही रानभाजी यंदाची संपली, ती पावसाच्या तोंडावरच येते. गणपतीच्या आसपास वारुळावरची अळंबी मिळाली तर मिळतील. मावशी कबूल करत नाहीत, "निघाली तर फोन करीन" एवढंच. मिळाली तर कालवण करतात, त्या दिवशी कोंबडी नाही. यायचं असेल तर गुरुवारपर्यंत माझ्या केंद्रात येऊन नाव आणि माणसं सांगा, मी शुक्रवारी सकाळी भाजी घेताना त्यांना निरोप देते. पहिल्या रविवारची आठ माणसं आमच्याच सोसायटीची झालीत, दोनच जागा आहेत.